अर्धा शिक्का

मी पदवीधर झालो याचं श्रेय एकाच माणसाला द्यायचं ठरवलं, तर ते मुकुंदराव बिदरकर सरांना द्यावं लागेल. त्यांनी मला एकही विषय शिकवला नाही. ते आमच्या हैदराबादच्या कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होते, म्हणजे खेळाचे मास्तर, आणि मी खेळाडू नव्हतो. व्हॉलीबॉल अंगावर आला की मी हात पुढे करायच्या ऐवजी डोळे मिटून घ्यायचो. तरीही आमच्या घरातला पहिला बी.कॉम. मी झालो तो बिदरकर सरांमुळे. हे अजून मला आईलासुद्धा नीट समजावून सांगता आलेलं नाही.

सर उंच आणि काटकुळे होते. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ते बूट रोज सकाळी ऑफिसातला खडू उगाळून पांढरे करायचे. गळ्यात शिट्टी. ती शिट्टी लग्नकार्यातही सफारीच्या आत असायची आणि पंगत बसायला उशीर झाला तर बाहेर यायची. त्यांचं घराणं तीन पिढ्यांपासून नल्लकुंट्यात राहत होतं, त्यामुळे त्यांची मराठी चालता चालता दखनीच्या गल्लीत शिरायची आणि दोन घरं पुढे जाऊन परत मराठीत यायची. प्रत्येक विद्यार्थी त्यांच्यासाठी 'उस्ताद' होता. घडून गेलेली कुठलीही गोष्ट 'परसो' घडलेली असे, मग ती गेल्या आठवड्यातली असो की त्यांच्या लग्नाच्या वेळची. "परसो मी कॉलेजच्या टीमचा कॅप्टन होतो नं," असं ते म्हणाले की समजायचं, तीस वर्षांपूर्वी.

कॉलेजच्या मागे एक मैदान होतं. खरं म्हणजे मैदान म्हणण्याइतकं ते मोठं नव्हतं. एक व्हॉलीबॉलचं कोर्ट, एक कडुनिंब आणि बघणाऱ्यांसाठी पाच दगडी पायऱ्या. मी कॉलेजात आलो त्या सुमारास शहराचं रूप झपाट्याने पालटत होतं. गच्च्यागच्च्यांवरून केबलच्या काळ्या वायरी गेल्या होत्या. नवी थंड पेयं आली होती आणि त्यांची झाकणं गोळा केली की बक्षीस मिळत होतं. मुलं कॉलेज बुडवून अमीरपेठेत कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. त्यांना आवरण्यासाठी आमच्या संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांनी ठरवलं की कॉलेजनेच स्वतःचं कॉम्प्युटर सेंटर बांधायचं, आणि ते मागच्या मैदानावर.

बिदरकर सर त्यांच्याकडे गेले. सेक्रेटरी साहेबांनी त्यांना तेलुगू रीतीचा आदराचा 'गारू' लावून एकच प्रश्न विचारला, "बिदरकर गारू, मॅच कू आता कौन है? बारा खेलने वाले और दो बकऱ्यां."

हे खरं होतं. शेजारच्या घरातल्या दोन शेळ्या रोज पायऱ्यांवर येऊन बसत. सर शांतपणे म्हणाले, "बकऱ्यां रेग्युलर हैं साब. बच्चों कू भी रेग्युलर करतौं. एक साल दो."

सेक्रेटरींनी एक वर्ष दिलं. पायऱ्या भरल्या तर मैदान राहील, नाहीतर पाया खणायला सुरुवात.

कॉम्प्युटरवर सरांचा मुळीच राग नव्हता. ते म्हणायचे, "कॉम्प्युटर पायजे. हौ. पण तो बसून चालवतात नं? त्याला एवढं मैदान कशाला?"

युक्ती त्यांना थंड पेयांच्या झाकणांवरून सुचली. झाकणासाठी पोरं गटारात हात घालतात, तर शिक्क्यासाठी पायरीवर का बसणार नाहीत? त्यांनी जाड पुठ्ठ्याची कार्डं कापली आणि प्रत्येकावर चौकोन आखले. एक मॅच बघितली की एक शिक्का. पाच शिक्के झाले की कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात चहा आणि बिस्किटं. हॉटेलवाला सरांचा शाळेतला दोस्त होता. भट्टीतून तुटून निघालेली बिस्किटं तो सरांसाठी वेगळ्या बरणीत ठेवायचा. दहा शिक्के झाले की पुढच्या मॅचचा टॉस तुम्ही उडवायचा, आणि तुमचं नाव माइकवरून पुकारलं जाणार. पहिल्या क्रमांकाचं कार्ड सरांनी त्या दोन शेळ्यांच्या नावाने केलं आणि आपल्या खोलीत खिळ्याला टांगलं. त्यावर ते प्रामाणिकपणे शिक्के मारत.

पहिल्याच आठवड्यात योजनेचा बोजवारा उडाला. मुलं यायची, शिक्का घ्यायची आणि सायकल स्टँडच्या भिंतीवरून उडी मारून पसार व्हायची. सरांनी शिक्का शेवटी मारायला सुरुवात केली. मग मुलं शेवटच्या पॉइंटला भांग पाडून हजर होऊ लागली. एक दिवस सरांनी करवतीचं पातं आणलं आणि आपला गोल रबरी शिक्का मुठीसकट मधोमध कापला. डावा अर्धा मॅचच्या आधी, उजवा अर्धा मॅच संपल्यावर. दोन अर्धे जुळले तरच शिक्का पुरा. पण सरांचा हात सुतारकामाचा नव्हता. काप तिरका गेला आणि एक तुकडा दुसऱ्यापेक्षा मोठा झाला. त्यामुळे आमच्या कार्डांवरचे सगळे पुरे शिक्के मधोमध फाटल्यासारखे दिसायचे.

त्या तिरक्या कापामुळे नरसिंग पकडला गेला. नरसिंग माझ्या वर्गातला, मलकपेठचा. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्याने जुन्या स्लीपरच्या तळव्यातून हुबेहूब शिक्का कोरला आणि सबंध बी.कॉम.च्या वर्गाला घरबसल्या मॅचेस दाखवल्या. सरांनी कार्डं तपासली आणि त्याला बोलावून घेतलं. आम्ही खिडकीखाली कान लावून उभे होतो.

"उस्ताद, हे तू केलंस?"

"नै सर."

"खोटं नक्को बोलू. माझा शिक्का घरगुती आहे, तिरका बसतो. तुझे दोन्ही अर्धे असे जुळलेत की सरकारी वाटतात. एवढी सफाई या कॉलेजात कुणाकडेच नाही. माझ्याकडे तर नाहीच."

नरसिंगने मान खाली घातली. सरांनी टेबलाखालून रंगाचा डबा आणि ब्रश काढून त्याच्यासमोर ठेवला. "स्कोअरबोर्ड पुसट झालाय. रंगव. आणि आता आकडे तूच बदलायचे, दर मॅचला. पायऱ्यांवर बसशील तर हाताला काम पायजे तुझ्या."

नरसिंगने बोर्ड रंगवला. मग मागची भिंत रंगवली. मग न विचारता कडुनिंबाचा पार रंगवला. त्याच्या मागे त्याची सगळी गँग यायला लागली, कारण आकडे बदलणारा आपला माणूस होता. सरांनी त्याच्या खोट्या शिक्क्याबद्दल पुन्हा कधी शब्द काढला नाही. फक्त कुणी पाहुणा आला की नरसिंगकडे बोट दाखवून सांगायचे, "हा आमचा आर्टिस्ट."

माझी सरांशी गाठ पडली ती भाकरीमुळे. मी मुखेड तालुक्यातून आलो होतो. मामा नामपल्ली स्टेशनच्या पार्सल ऑफिसात शिपाई होते. त्यांच्या मलकपेठच्या एका खोलीत आम्ही सहाजण राहायचो. मामी डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा द्यायची. वर्गातली मुलं भात आणायची. मला डबा उघडायची लाज वाटायची, म्हणून मी लायब्ररीच्या मागे जाऊन भिंतीकडे तोंड करून जेवायचो. एकदा मागून आवाज आला, "ज्वारी का रे उस्ताद?"

मी उठून उभा राहिलो. सरांनी माझ्या डब्यातला भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, तोंडात टाकला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुठला रे तू?"

"बाऱ्हाळीचा. मुखेडजवळ."

"आज मॅच आहे. ये."

"सर, मला खेळता येत नाही."

"मैं खेलने कू बोला क्या? बघायला ये. खेळणारे मिळतात रे. बघायला कुणी नसलं की खेळाची कवायत होते."

मी गेलो. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून जात राहिलो. वर्गात इंग्रजीतून शिकवलेलं कळत नव्हतं. सहामाहीत दोन विषयांत नापास झालो. मग एक दिवस ठरवलं की आपलं हे काम नाही. पत्र्याची पेटी भरली, मामांना सांगितलं, आणि निघण्यापूर्वी कार्ड परत द्यावं म्हणून सरांच्या खोलीत गेलो. सरकारी वस्तू असावी असा माझा समज होता.

सरांनी कार्ड हातात घेऊन बघितलं. "आठ झालेत."

"हो सर. मी गावी चाललोय. कायमचा."

मला वाटलं, ते समजूत घालतील, शिक्षणाचं महत्त्व सांगतील. सर म्हणाले, "जा. हरकत नाही. पण दहा करून जा. दोन मॅच राहिल्यात, पुढच्या आठवड्यात दोन्ही आहेत. अर्धवट कार्ड मी जमा करून घेत नसतो."

मी पेटी पुन्हा उघडली. हैदराबादेत मी राहिलो तो दोन शिक्क्यांसाठी, हे लिहिताना आज हसू येतं. पण खरं तेच आहे.

दहावा शिक्का पुरा झाला त्याच्या पुढच्या मॅचला सरांनी मला कोर्टाच्या मधोमध उभं केलं, हातात नाणं दिलं आणि माइक तोंडाजवळ धरला. "टॉस उडवत आहेत, बी.कॉम. फर्स्ट इयर, उत्तम किशनराव गजभारे! मुक्काम पोस्ट बाऱ्हाळी, तालुका मुखेड, जिल्हा नांदेड!"

पायऱ्यांवरून टाळ्या झाल्या. नरसिंगने स्कोअरबोर्ड बडवला. मी नाणं इतकं जोरात उडवलं की ते कडुनिंबात अडकलं आणि टॉस पुन्हा करावा लागला.

माझे वडील वीटभट्टीवर कामाला होते. गावात त्यांना लोक किशन्या म्हणायचे. वयाने लहान असलेली माणसंही तसंच म्हणायची. त्यांच्या नावापुढे 'राव' लावलेलं मी त्या दिवसापर्यंत कधी ऐकलं नव्हतं. मी कॉलेजच्या फॉर्मवर नुसतं 'किशन' लिहिलं होतं. 'राव' सरांनी आपल्या मनाने लावला होता, आणि पुढे तीन वर्षं तो कधी गाळला नाही. त्या आठवड्यात मी गावी गेलो नाही. मग त्या महिन्यातही गेलो नाही. नरसिंग मला तेलुगू शिकवायला लागला आणि आम्ही दोघं मिळून अकाउंटन्सी शिकलो.

वर्ष संपत आलं. पायऱ्या भरू लागल्या होत्या. सेक्रेटरी साहेब एकदा येऊन बघून गेले आणि म्हणाले, "ये बच्चे बिस्किट के लिए आते. अगली मॅच में बिस्किट बंद, चाय बंद, शिक्का बंद. फिर गिनूंगा."

शेवटची मॅच आली तो दिवस आमच्या दृष्टीने सगळ्यात वाईट होता. त्याच दुपारी टीव्हीवर भारताची वन-डे मॅच होती. कुठल्या मुलाला उन्हात बसून कॉलेजची व्हॉलीबॉल बघायची असणार? आम्ही सरांना म्हणालो, "सर, गुपचूप सांगू का सगळ्यांना? शिक्का नंतर मिळेल म्हणून?"

"नक्को," सर म्हणाले. "कबूल केलंय." आणि त्यांनी नोटीस बोर्डावर स्वतःच्या हाताने लिहून लावलं: आज शिक्का नाही. चहा नाही. बिस्किट नाही. मॅच आहे.

त्या दिवशी सरांचे बूट नेहमीपेक्षा पांढरे होते. त्यांनी दोनदा खडू लावला असावा. तीन वाजेपर्यंत पायऱ्यांवर दोन शेळ्या, नरसिंग, मी आणि आमचे पंधरावीस मित्र होते. सेक्रेटरी साहेब कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. सोबत डोकी मोजायला शिपाई मल्लय्याला आणलं होतं. सरांनी त्याच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि खिशातून वही काढून पायऱ्या चढायला लागले.

"नाव? वडिलांचं? गाव?"

आम्हाला कळेना. सर प्रत्येकापाशी थांबून लिहून घेत होते. मग त्यांनी माइक घेतला आणि खेळाडूंच्या आधी बघणाऱ्यांची नावं वाचायला सुरुवात केली. सगळ्यांची, कार्ड असो नसो. चहा, बिस्किटं आणि शिक्का यांवर बंदी होती. नावांबद्दल सेक्रेटरी साहेब काही बोललेच नव्हते.

"नरसिंग यादय्या, मलकपेठ! बी.ए. सेकंड इयर, शेख मेहबूब शेख इमाम, जहीराबाद! कुमारी पद्मा लक्ष्मणराव, सिद्दीपेठ!"

भोंगा कॉलेजच्या गच्चीवर होता. आवाज बस स्टॉपपर्यंत जात होता. नाव पुकारलं की तो मुलगा उठून उभा राहायचा आणि बाकीचे ओरडायचे. बस स्टॉपवरची मुलं काय चाललंय बघायला परत आली. हॉस्टेलमधून टीव्हीसमोरची मुलं आली, कारण आपल्या गावच्या दुसऱ्या कुणाचं नाव लागलं आणि आपलं राहिलं. मुली आल्या. कँटीनचा आचारी पंचा खांद्यावर टाकून आला आणि आपल्या गावाचं नाव तीनदा सांगून गेला, चुकू नये म्हणून. मॅच पाऊण तास खोळंबली. समोरच्या टीमचा कॅप्टन वैतागून सरांकडे आला, "सर, खेलना है की नै?"

"तुझं गाव कुठलं उस्ताद?"

"...जनगाव."

त्याचंही नाव वाचलं गेलं आणि तोही हसत परत गेला. सरांची वही संपली. उरलेली नावं त्यांनी तळहातावर लिहिली. शेवटी ते कडुनिंबाखाली गेले आणि माइक खाली धरून अदबीने विचारलं, "साब, आप का गाँव?"

सेक्रेटरी साहेब या शहरातले बडे गृहस्थ. बंजारा हिल्सच्या बंगल्याखेरीज त्यांचं कुठे गाव असेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं. ते खुर्चीत सावरून बसले. मग हळू आवाजात त्यांनी बोधन तालुक्यातल्या एका खेड्याचं आणि वडिलांचं नाव सांगितलं. सरांनी ते दोन्ही खणखणीत आवाजात वाचलं. पायऱ्यांवर टाळ्यांचा एवढा गजर झाला की शेळ्या उठून उभ्या राहिल्या. सेक्रेटरी साहेबही उठून उभे राहिले. दोन्ही हात जोडून उभे होते ते. मग रुमालाने चष्मा पुसत बसले.

मॅच आम्ही हरलो. पाचव्या गेममध्ये, पंधरा-तेरा. पण एकही माणूस उठला नाही. मल्लय्याने तीन वेळा डोकी मोजली आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला, कारण दर पॉइंटला तो स्वतःच उड्या मारत होता. सेक्रेटरी साहेब जाताना म्हणाले, "बिदरकर गारू, सेंटर लायब्ररी के ऊपर बनाते." आणि दोन पावलं जाऊन परत आले. "मेरा भी एक कार्ड बनाओ."

सर खोलीत गेले आणि त्यांनी आधी शेळ्यांच्या कार्डावर शिक्का मारला. त्या दिवशी शिक्के बंद होते, पण शेळ्यांना कुणी कळवलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

सरांनी मला निरोप दिला तो नामपल्ली स्टेशनवर. बी.कॉम. झाल्यावर मला सोलापूरला विमा कंपनीत नोकरी लागली. दुपारच्या गाडीने निघालो होतो. मामा-मामी, नरसिंग आणि गर्दीतून वाट काढत येणारे पांढरे बूट. सरांनी खिशातून शाईचा पॅड आणि शिक्क्याचा डावा अर्धा काढला. माझं जुनं कार्ड पाकिटात होतंच. त्यावरच्या एका रिकाम्या चौकोनात त्यांनी तो दाबला.

"हा जाताना. उजवा माझ्याकडे आहे."

मी वाकून पाया पडलो. डोळे भरून आले होते. सरांनी सवयीने शिट्टी तोंडात धरली आणि जोरात फुंकली. गार्डने शिट्टी दिली असं समजून फलाटावरची सगळी माणसं एकदम डब्यांकडे धावली. एका बाईने चहाचा कप चहावाल्याच्या हातातच सोडला. खरा गार्ड हिरवा झेंडा बगलेत मारून ओरडत आला, "कौन है रे सीटी वाला?" मी दारात उभा होतो. सर खांबामागे लपले होते आणि खांबाच्या बाहेर त्यांचे दोन्ही पांढरे बूट दिसत होते.

चार वर्षांनी, सर निवृत्त होणार असल्याचं नरसिंगकडून कळलं, तेव्हा मी त्यांना हे पत्र पाठवलं.

आदरणीय सर,

सादर प्रणाम. आपण या महिन्यात निवृत्त होत आहात असं नरसिंगने कळवलं. तो आता मोठमोठी होर्डिंग रंगवतो, पण स्कोअरबोर्डाचे आकडे अजून त्याच्याच हातचे आहेत असं अभिमानाने लिहितो.

मी इथे ठीक आहे. ऑफिसजवळ एका शाळेचं मैदान आहे. संध्याकाळी मुली खो-खो खेळतात. बघायला कुणी नसायचं. मी डबा घेऊन तिथे बसायला लागलो. भाकरी आता उघड्यावर खातो. सुरुवातीला त्यांच्या बाई माझ्याकडे संशयाने बघत होत्या. मग मी आपली सगळी हकिकत सांगितली. आता त्या प्रत्येक मुलीचं नाव वडिलांच्या आणि गावाच्या नावासकट पुकारतात आणि सहा-सात पालक येऊन बसतात. शिक्का अजून केलेला नाही. माझाही हात सुतारकामाचा नाही, त्यामुळे तो चांगला तिरका होईल अशी आशा आहे.

धाकटी बहीण नांदेडला कॉलेजात गेली. पहिल्या सहामाहीत नापास झाली आणि पेटी भरून बसली. मी तिला महत्त्व वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, दोन आठवडे थांब आणि मग जा. ती थांबली आहे.

मागच्या दिवाळीत ऑफिसच्या कार्यक्रमाला वडिलांना आणलं होतं. व्यवस्थापकांनी विचारलं, आपलं नाव? मी सांगायच्या आत ते स्वतःच म्हणाले, "किशनराव गजभारे." सर, मी त्यांना हे कधी शिकवलं नव्हतं. मी फक्त टॉसची गोष्ट सांगितली होती, एकदाच.

आपल्या निरोप समारंभाला मी येत आहे. पायऱ्यांवर जागा धरून ठेवायला नरसिंगला सांगितलं आहे. शेळ्यांच्या शेजारी चालेल. त्या आता निराळ्या असतील, तरी कार्ड चालू ठेवलं असेलच.

सोबत माझं कार्ड आणतो. त्यावर एक शिक्का अर्धा आहे. कृपया उजवा भाग खिशात ठेवावा आणि पॅडची शाई वाळू देऊ नये.

आपला,
उत्तम किशनराव गजभारे
मुक्काम पोस्ट बाऱ्हाळी, तालुका मुखेड, जिल्हा नांदेड